दुपारचा गुन्हा, जत्रेला शिक्षा

मोशीतल्या आमच्या सोसायटीची मागची बैठक पाणी, पार्किंग आणि लिफ्ट या नेहमीच्या वाटेने चालली होती. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि माझ्या शेजाऱ्यांनी एक ठराव मांडला. मे महिन्यात लहान मुलांसाठी आपण आवारात दिवसभराचा उन्हाळी मेळा भरवतो, तो यंदापासून बंद करावा. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाच वर्षांखालची पोरं असलेल्या घरांनी चैत्र-वैशाखात आसपासच्या गावांच्या यात्रांनाही मुलांना नेऊ नये, असं आवाहन सोसायटीच्या फलकावर लावावं, अशी त्याला त्यांची पुरवणी होती.

शेजारी सज्जन आहेत. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतात. दोष दिसला की लाल खूण करायची आणि नग बाजूला काढायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा हात. उत्सवाच्या नगावर त्यांनी पाच लाल खुणा केल्या: ऊन, गर्दी, घाण, गोंगाट, आणि ‘एवढ्याशा मुलांना यातलं आठवणार तरी काय?’ मग मुलांनी सुट्टीत करायचं काय, असं कुणीतरी विचारलं. त्यावर उत्तर तयार होतं. मॉल आहे, त्यात मुलांचा खेळायचा कोपरा आहे, एसी आहे. ठराव मताला टाकला नाही, पुढच्या बैठकीवर ढकलला. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मला राग आला की तोंडातून धड वाक्य निघत नाही. कागदावर निघतं.

आधी कबुली देतो, म्हणजे मी शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको. दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर मी माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीला तिकीट काढून एका ‘समर कार्निव्हल’ला नेलं होतं. कुणी भरवला होता ते सांगत नाही. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ५. मैदान मुरुमाचं, स्टॉल पत्र्याचे, झाड नाही. हवा भरलेली रबरी घसरगुंडी इतकी तापली होती की पोरीने अनवाणी पाय टेकवला आणि किंचाळली. सावलीचा मंडप एकच होता. त्यात स्पीकर होते, प्रायोजकांचे फलक होते आणि पाहुण्यांच्या कव्हर घातलेल्या खुर्च्या होत्या. पाण्याची बाटली विकत. साधारण दीडच्या सुमाराला नात गप्प झाली. आम्हाला वाटलं, दमली. तिची आजी मात्र म्हणाली, “अहो, हिने सकाळपासून एकदाही शू केलेली नाही.” तिथून रिक्षा, दवाखाना, ओआरएसचं पाणी चमच्याने. संध्याकाळपर्यंत पोर टणटणीत झाली, मी मात्र झालो नाही. डॉक्टर जे बोलले ते माझ्यासारख्या आजोबाला ऐकून घ्यावंच लागतं.

म्हणून शेजाऱ्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते, त्यामुळे बाहेरचा ताप आत शिरायला जागा जास्त मिळते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. तहान लागली हे त्याला सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी खेळ टाकून तो पाण्यापाशी येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर वरचं पाणीही द्यायचं नसतं, आईचं दूध हेच त्याचं पाणी. हे सगळं खरं. फक्त यातून ‘उत्सव बंद’ हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळलं नाही. माझ्या नातीला उत्सव बाधला नव्हता. तिला अकरा ते पाच ही वेळ बाधली.

माझं सगळं म्हणणं या एका वेळापत्रकाभोवती आहे.

मी मूळचा जुन्नरकडचा. भोसरी एमआयडीसीत बत्तीस वर्षं काढली आणि मग मोशीत घर घेतलं. आमच्याकडे गावच्या यात्रा चैत्रात सुरू होतात आणि वैशाखभर कुठे ना कुठे चालू असतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, कारण रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं, शेतात काम नसतं आणि पावसाला अवकाश असतो. ज्यांनी हे दिवस धरले त्यांना ऊन ठाऊक नव्हतं असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. यात्रेचा दिवस कसा जायचा ते पाहा. पहाटे देवाला अभिषेक आणि पोशाख, काकड्याच्या गारव्यात बायाबापड्यांचे दंडवत. सकाळी मांडव-डहाळे, वाजतगाजत, पण ऊन चढायच्या आत. मग घरोघर पाहुणे, पुरणपोळी, आमटी, आणि जेवणं झाली की अख्खं गाव ओट्यावर, पडवीत, गोठ्यात, जिथे सावली मिळेल तिथे आडवं. पोरांना दाबून झोपवायचे. चारनंतर पुन्हा हालचाल. कुस्त्यांचा हगामा उन्हं कलल्यावर. दिवेलागणीला पाळणे फिरायला लागायचे, रेवडी-गोडीशेवेच्या पालांवर गर्दी व्हायची. रात्री देवाचा छबिना, आणि पोरं पेंगुळली की मग थोरांचा तमाशा. नारायणगावला अजून गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात. त्या सुपाऱ्या रात्रीच्या असतात. भर दुपारी कनातीत बसायला कुणी सुपारी देत नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर शेजारीच दाखवून देतील. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट. तिथे सकाळपासून बाऱ्या सुटतात आणि भर उन्हातही माणूस हलत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं घाट ओस होते. त्या उपाशीपणाची भरपाई म्हणून असेल, आता दोन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन घाटाच्या कडेला उभे राहिलेले बाप दिसतात. गाडा सुटला, ‘भिर्रर्र’ झाली की तो बाप देहभान विसरून नाचतो आणि पोराचं डोकं उन्हात गदगदा हलतं. त्या बापाला माझ्याकडून काहीही सूट नाही. घाट ही लहान मुलाची जागा नाही, आणि हे सांगायला न्यायालय लागू नये. पण घाट म्हणजे अख्खी यात्रा नव्हे.

उन्हाची ही समज गावच्या पंचांपुरती नव्हती. मोशीतून इंद्रायणीच्या काठाने थोडं पुढे गेलं की आळंदी. तिथे गुढीपाडव्याला, रामनवमीला, अक्षय्य तृतीयेला माउलींच्या समाधीला चंदनाची उटी लावतात, उन्हाळ्याची काहिली शमावी म्हणून. मोशीचं ग्रामदैवत नागेश्वर महाराज. त्यांचा मोठा उत्सव महाशिवरात्रीच्या आगेमागे होतो, ऊन कोवळं असताना. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब पाण्याची गळती बांधायची रीत तर महाराष्ट्रभर आहे. जे लोक दगडाच्या पिंडीला ऊन लागेल म्हणून जपतात, त्यांचीच नातवंडं आज दुपारी बाराला रबरी घसरगुंडीवर चढतात आणि आपण त्याला परंपरेचा दोष म्हणतो.

पुण्याच्या शहाण्यांचंही तसंच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती एप्रिल-मेमध्येच. विषय कितीही तापलेला असो, व्याख्यान संध्याकाळी. शाळा एप्रिलमध्ये सकाळच्या सत्रात भरवतात. शेतकऱ्यांचं मोठं ‘किसान’ प्रदर्शन आमच्या मोशीच्या प्रदर्शन केंद्राच्या मैदानावर भरतं ते डिसेंबरात. उन्हात राबून घट्ट झालेल्या शेतकऱ्यासाठी डिसेंबर, आणि तीन वर्षांच्या पोरासाठी मे महिन्यातली भर दुपार! हा न्याय कुणाचा?

मैदानाचं भाडं, पोलिसांची परवानगी, स्टॉलवाल्यांचा हिशेब, जेवणाच्या वेळेची विक्री, असा व्यवहार कार्निव्हलच्या या भरदुपारच्या वेळेमागे असतो. माणसं अकराला आली की जेवायला थांबतात, जेवायला थांबली की खर्च करतात. संध्याकाळी दोन तास येऊन गेलेलं कुटुंब एवढा खर्च करत नाही. आपल्या सोसायटीच्या मेळ्यात नफा नव्हता, तरी आपण वेळापत्रक त्या कार्निव्हलवाल्यांकडूनच उचललं. दहाला उद्घाटन, अकराला चित्रकला, बाराला वेशभूषा, एकला जेवण, तीनला बक्षिसं. पोरं चिकट कागदाच्या दाढीमिशा लावून घामाने निथळत रांगेत उभी होती. त्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आहेत, ते हसण्याने नव्हे.

एक बारकावा, कारण इथे बरेच सुशिक्षित फसतात. घड्याळात बारा वाजले म्हणजे डोक्यावर सूर्य, असं आपण धरतो. मोशीत मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला, कारण आपलं घड्याळ देशाच्या वेळेवर चालतं आणि आपण पश्चिमेला. आणि हवा सगळ्यात जास्त तापते त्याहूनही दोन-तीन तासांनी. म्हणजे ‘दुपार टळली, आता तीन वाजले, चला’ असं म्हणून पोराला काढणारा माणूस त्याला दिवसाच्या सगळ्यात वाईट तासात काढतो. डांबर आणि पेव्हर ब्लॉक तर संध्याकाळी सहालाही पायाला चटका देतात. सूर्याचीच गंमत मुलांना दाखवायची असेल तर मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. साडेबाराच्या आसपास पाच मिनिटं गच्चीवर जा, सरळ उभ्या बाटलीची सावली नाहीशी होताना दाखवा आणि पळत खाली या. दुपारचा एवढाच कार्यक्रम मला मान्य आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या वेळेचं! १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उघड्यावर बसली होती, कार्यक्रम दुपारपर्यंत चालला, आणि उष्माघाताने १४ जणांचे जीव गेले. ती मोठी माणसं होती, श्रद्धेने आलेली, शिस्तीने बसलेली. हाच सोहळा संध्याकाळी झाला असता तर? हा प्रश्न राज्यातल्या प्रत्येक आयोजकाने परवानगीचा अर्ज भरताना स्वतःला विचारायला हवा. आपल्या सोसायटीनेही.

आता दुसरी बाजू, कारण त्या बैठकीत शेजाऱ्यांना विरोध करणारेही होते आणि त्यांनी केस जिंकण्याऐवजी बुडवली. गावठाणातले एक अण्णा ताडकन म्हणाले, “आम्ही नाही का उन्हात वाढलो? आम्हाला काय झालं?” टाळ्या पडल्या. अण्णांबद्दल आदर ठेवून सांगतो, हा युक्तिवाद जितका जोरात म्हणावा तितका पोकळ वाजतो. ज्यांना काही झालं नाही तेच सांगायला उरतात. ज्यांना झालं, त्यांच्या नावाने घरात एखादी ‘लहानपणीच गेलेली’ आत्या किंवा काका असतो आणि कशाने गेला हे कुणी विचारत नाही. शिवाय अण्णा वाढले ती मोशी वेगळी होती. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर मोशी महापालिकेत आली. त्याआधी इथे मळे होते, विहिरी होत्या, बांधावर झाडं होती. आज त्याच जागी दहा-बारा मजल्यांच्या इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि प्रत्येक खिडकीखाली गरम हवा बाहेर फेकणारं एसीचं खोकं. अण्णांना विचारलं की तुम्ही दुपारी काय करायचात, तर सांगतील, विहिरीत डुंबायचो नाहीतर चिंचेखाली पडायचो. म्हणजे तेही उन्हात नव्हतेच! आठवणीत फक्त ऊन उरलं, सावली विसरली.

मॉलच्या पर्यायाकडे येतो. मला मॉलचं वावडं नाही, नातीला मीही नेतो. पण आपण कुठे राहतो हे विसरून चालत नाही. हा कारखान्यांचा पट्टा आहे. भोसरी, चिखली, कुदळवाडी, मोशी, पुढे चाकण. इथे विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून, उत्तरेतून आलेली हजारो घरं एका खोलीत राहतात, आणि त्या खोल्यांवर बऱ्याचदा पत्रा असतो. ‘उन्हाळ्यात मुलांना घरात ठेवा’ हा सल्ला ज्याच्या घरात छत थंड आहे त्यानेच द्यावा. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पोरगं ठेवणं ही शिक्षा आहे, आणि त्या पोराला मॉलच्या खेळकोपऱ्याचं तासाचं तिकीट परवडत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो गावच्या यात्रेचा दिवस, मैदानावरचा फुकटचा मेळा, देवळाच्या आवारातला प्रसाद. तो दिवस बंद केला तर आपल्या सोसायटीतल्या पोरांचं काही जाणार नाही. पलीकडच्या चाळीतल्या पोरांचा वर्षातला एकुलता एक दिवस जाईल. मुलांसाठीचा सण बंद करायचा आणि त्याला बालसंगोपन म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि कामगाराची सुट्टी कधी? या भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मी स्वतः बत्तीस वर्षं गुरुवारीच दाढी नीट केली. सगळे मेळे मात्र रविवारी दुपारी. पहिल्या पाळीचा माणूस तीननंतर सुटतो, साडेचार-पाचला घरी पोचतो, तोवर ‘फॅमिली डे’ आवरलेला असतो. बाप नसलेला कुटुंबाचा दिवस. संध्याकाळचा मेळा ठेवला तर ऊनही टळतं आणि बापही भेटतो, एवढं साधं गणित आहे.

अहमदाबादचं उदाहरण इथे घेतो, कारण ते शहर आपल्यापेक्षा जास्त तापतं. २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, देशातला पहिला. त्यात लोकांना नुसतं ‘घरात बसा’ सांगितलं नाही. पाणपोया वाढवल्या, दवाखान्यांना तयार ठेवलं, आणि लोकांना झाडाखाली बसता यावं म्हणून उद्यानं उघडी ठेवली. आपल्याकडे बहुतेक उद्यानांच्या दाराला दुपारी कुलूप. म्हणजे झाडांची सावली बंद आणि बिनझाडांचं मैदान चालू, अशी आपली उलटी तऱ्हा.

घाणीबद्दल शेजारी जे म्हणाले त्यातलं निम्मं मी मान्य करतो. गोळ्याचा बर्फ. २०१८ पासून राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, मासळी आणि मालासाठीचा बर्फ चुकून पोटात जाऊ नये म्हणून. तुम्ही निळा बर्फ शेवटचा कधी पाहिला? मी तरी पाहिलेला नाही, आणि याचा अर्थ सगळा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतो असा मी काढत नाही. पोराला गोळा नका देऊ. पण त्यासाठी मेळा कशाला मोडायचा? कैरीचं पन्हं घरून करून नेता येतं. कलिंगड डोळ्यांदेखत कापून घ्या. ताक आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं देणाऱ्या बायकांनी उन्हाळ्याचं खाणंपिणं कधीच ठरवून ठेवलंय, ते आपण कार्निव्हलच्या फाटकाबाहेर ठेवून आत रंगीत सोडा विकत घेतो.

गोंगाटावर मी त्यांच्या बाजूचा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कायद्याने आहे. लहान मुलांच्या मेळ्यात डीजेचं काम काय ते मला आजवर कुणी समजावलेलं नाही. पिपाणी पुरते.

गर्दीचं म्हणाल तर पोर हरवण्याची भीती खरी आहे आणि उपाय दहा रुपयांचा आहे. साध्या पेनने मनगटावर फोन नंबर लिहायचा. आळंदीला कार्तिकीची गर्दी बघितलेल्या माणसाला मैदानावरच्या दोन हजार माणसांची धास्ती वाटत नाही.

राहिला तो पाचवा मुद्दा, ‘आठवणार काय?’ याने मला सगळ्यात जास्त चीड आणली. आपण संक्रांतीला बोरन्हाण करतो ते कुणाचं? दीड-दोन वर्षांच्या बाळाचं. काळं कापड, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या. त्या बाळाला त्यातलं काडीइतकंही आठवत नाही. ते घाबरून रडतं आणि पुढच्या मिनिटाला सांडलेला हलवा तोंडात घालतं. आठवणार नाही म्हणून कुणी बोरन्हाण बंद केल्याचं मी ऐकलेलं नाही. बारशाचं, जावळाचं तेच. शेजाऱ्यांनी स्वतःच्या मुलाचा पहिला वाढदिवस क्लबहाउसमध्ये केला होता, मी जेवून आलो. त्या मुलाला तो आठवतो का, हे मी बैठकीत विचारलं नाही, इथे विचारतो. लहान मूल बापाच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा आकाशपाळण्याचे दिवे बघतं तेव्हा ते तोंड उघडं टाकून बघतं. ते तोंड बापाला आयुष्यभर आठवतं. उत्सव घराचा असतो, आठवण कुणा एकाच्या नावावर चढवायची नसते.

तर प्रश्न ‘भरवायचा की नाही’ हा नाहीच. कसा भरवायचा, हा आहे. शेजाऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगतो. मापात न बसलेला प्रत्येक नग भंगारात जात नाही, काही नग ‘रीवर्क’ला जातात, आणि रीवर्कचं कार्ड भरायचं कामही तपासणीवाल्याचंच असतं. त्यांनी ते भरायला हवं होतं.

कार्डात काय असावं? माझ्या मते पहिली ओळ वेळेची: सकाळी साडेसहा ते साडेनऊ, नंतर फाटक बंद. संध्याकाळी साडेपाच ते नऊ. मधले आठ तास काही नाही, अगदी काहीच नाही, ‘सावलीतली स्पर्धा’ सुद्धा नाही. सकाळच्या भागात मातीचे, पाण्याचे, पळापळीचे खेळ, संध्याकाळी गोष्टी, बाहुल्या, पाळणा. दुसरी ओळ पाण्याची. २५ नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या शहराला दिवसाआड पाणी आहे, हे मेळ्याची तारीख ठरवताना कुणाच्या लक्षात नव्हतं आणि मागच्या वर्षी दुपारी टाकी तळाला गेली. तारीख पाण्याच्या दिवशी घ्या, आणि पिण्याचे माठ मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर ठेवा. मागच्या वर्षीचा जार टेबलावर होता, नळ माझ्या छातीला. त्यानंतर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आडोसा. एसटी स्टँडवर ज्याला आपण हिरकणी कक्ष म्हणतो तो. बाळासाठी रायगडचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव आपण खोलीला दिलं, पण ‘कुटुंबांसाठी’ म्हणवणाऱ्या मेळ्यांत ती खोली शोधून सापडत नाही. आया पार्किंगमध्ये गाडीच्या आड बसतात. त्या बायकांच्या जागी आयोजकांनी एक तास बसून दाखवावं. शेडनेट हवी, रबरी घसरगुंडी नको. आणि स्टेज काढून टाका. स्टेज आलं की पाहुणे येतात, पाहुणे आले की उशीर होतो, आणि उशीर झाला की ऊन चढतं. मोठमोठ्या सोहळ्यांचं जे झालं ते याच क्रमाने झालं.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. मोशीत कचरा डेपो आहे आणि उन्हाळ्यात त्याला आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. धूर असेल त्या दिवशी मेळा पुढे ढकला, मुलांची फुप्फुसं बॅनरवर छापलेल्या तारखेसाठी नसतात. बॅनर दुसरा छापता येतो.

शेजाऱ्यांना हा मजकूर मी आधी दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी लाल खूण केली. एक, मनगटावर लिहिलेला नंबर घामाने पुसला जातो, गळ्यात कार्ड द्या. मान्य. दोन, संध्याकाळी डास असतात. तेही मान्य. फवारणी आदल्या दिवशी करू. ठराव मात्र त्यांनी अजून मागे घेतलेला नाही.

पुढची बैठक सेक्रेटरींनी येत्या रविवारी दुपारी बाराला, गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवली आहे. सेक्रेटरीसाहेब, ती संध्याकाळी सातला खाली पार्किंगमध्ये घ्या. तिसऱ्या पाळीला जाणारेही तोवर उठलेले असतात.